धारेच्या वस्तूंची वाटणी

मी, तारामती लक्ष्मणराव बिलोलीकर, वय वर्षे शहात्तर, धंदा आधी घरकाम, मग पंधरा वर्षे भाजी चिरणे, आता पुन्हा घरकाम, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला वार, तारीख आणि शंभरातून सात वजा करीत उलटे आकडे विचारले. मी सगळे सांगितले, शिवाय त्यांच्या उघड्या डब्यातली कोबी फार जाड चिरली आहे हेही सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझा मुलगा पराग तर उलट, "आई, इतकी काय घाई," असेच म्हणत होता. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील अरविंद माहूरकर यांनी मला छापील नमुना आणून दिला होता. त्यात स्थावर आणि जंगम असे दोन रकाने होते. मला जे सांगायचे आहे ते दोन्हींत बसेना, म्हणून मी कोरे कागद घेतले.

कलम १. नल्लकुंट्यातले आमचे जुने दुमजली घर बिल्डरला दिल्यावर त्याच जागी दुसऱ्या मजल्यावर जो फ्लॅट माझ्या वाट्याला आला, तो माझ्यामागे परागला मिळावा. पराग सिकंदराबादला राहतो, त्याची बायको नेहा तिथे शाळेत शिकवते. त्यांनी इथे येऊन राहावे अशी माझी अट नाही. विकला तरी चालेल. मला एकटीला घर मोठे होते हे मी रोज पाहते.

कलम २. पोस्टातील बचत आणि माझे मोजके दागिने माझी नात प्रियदर्शिनी हिला द्यावेत. बँकेतल्या मुदत ठेवीबद्दल वेगळे लिहिले आहे.

कलम ३. पितळी अडकित्ता परागला द्यावा. तो त्याच्या वडिलांचा. लक्ष्मणराव सरकारी छापखान्यात हेडक्लार्क होते. रोज जेवणानंतर व्हरांड्यात बसून सुपारी इतकी पातळ कातरायचे की फुंकर मारली तर उडावी. आयुष्यात त्यांनी घरातली एवढी एकच वस्तू कातरली. १९९० साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, ऑफिसातच छातीत कळ येऊन ते गेले. पराग सुपारी खात नाही आणि खाऊही नये. अडकित्ता फक्त ठेवावा.

कलम ४. माझ्या नणंदबाई सरोज यांना माझे स्टीलचे सोलाणे द्यावे. लक्ष्मणरावांच्या पश्चात मी भाजी चिरून विकायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बिलोलीकरांच्या सुनेनं लोकांचे बटाटे सोलायचे? दादा असता तर हे पाहवलं नसतं." वन्स, दादा नव्हते म्हणूनच सोलत होते. सोलाणे चांगले आहे, साल पातळ निघते. राग आता राहिलेला नाही, थोडासा आहे.

कलम ५. लोखंडी सुरी, चिंचेच्या लाकडाचा पाट आणि पितळी किसणी प्रियदर्शिनीला द्यावी. तिला मराठी वाचताना अडखळायला होते, म्हणून हे कलम परागने तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

प्रियदर्शिनी, गेल्या वर्षी तू मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेलीस आणि बारा सुऱ्यांचा लाकडी ठोकळा मागवलास. मी आले तेव्हा एक सुरी वापरात होती, अकरा नुसत्या उभ्या होत्या. माणसाला एक सुरी लागते. घेताना आधी मूठ पाहावी, मग पाते. मुठीत धरून उभे राहावे. ती मनगट खाली ओढू लागली तर परत ठेवावी. फार हलकी असेल तर तीही ठेवावी, कारण भोपळ्यावर ती थरथरते. लोखंडी पाते काळे पडते, ते पुसून कोरडे ठेवायचे, एवढेच त्याचे मागणे. तुझ्या त्या दोरी ओढायच्या डब्याला मी नावे ठेवीत नाही. चटणीच्या कांद्याला तो ठीक आहे, पण कांद्याला पाणी सुटते. काकडी मात्र त्यात घालू नकोस. कोशिंबिरीची काकडी हातात उभी धरून सुरीने कोचवायची असते, तेव्हा ती तोंडात काकडीसारखी लागते. आणि सपाट पात्याची, चकत्या पाडायची किसणी घेशील तर हात आणि पाते यांच्यामध्ये धरायचा दट्ट्या असलेलीच घे. दट्ट्या हरवला किंवा फुटला तर त्याच दिवशी ती टाकून दे. मी हे का सांगते ते कलम सातमध्ये आहे.

कलम ६. आता विळी. ही विळी मी एकटीने निवडलेली नाही, म्हणून ती द्यायच्या आधी सुगुणाबद्दल लिहिले पाहिजे.

पोलकम सुगुणा ही आमच्या जुन्या घरात खालच्या दोन खोल्यांत राहायची. तिचा नवरा शंकरय्या हा लक्ष्मणरावांच्याच छापखान्यात कंपोझिटर होता, त्या ओळखीने ते भाड्याला आले. सुगुणा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिची भाषा तेलुगू, माझी मराठी. आम्ही दोघी दक्खनीत बोलायचो, त्यात दोन्हीकडचे शब्द पडायचे. ती मला अक्का म्हणायची, म्हणजे थोरली बहीण.

लक्ष्मणराव गेल्यावर चौदाव्या दिवशी पाहुणे परतले. पराग कॉलेजात गेला. मी ओट्यासमोर उभी होते आणि मला काहीच सुचत नव्हते. दोन माणसांसाठी किती कांदे लागतात तेही आठवेना. तेवढ्यात सुगुणा अंबाडीच्या चार जुड्या घेऊन वर आली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "अक्का, पत्ते तोडो. मेरे अकेली से नहीं होता."

तिला एकटीला सहज झाले असते. पण मी बसले. दोन तास आम्ही पाने खुडत होतो आणि ती एक शब्द बोलली नाही. शेवटी उठताना म्हणाली, "कल पालक लाती."

असे चार महिने गेले. मग गल्लीतल्या माधवीबाई, ज्या बँकेत जायच्या, त्यांनी विचारले की तुम्ही दोघी बसलेल्याच असता, तर माझी गवार निवडून द्याल का. त्यांचे पाहून शाळेतल्या बाई आल्या, मग विद्यानगर, बरकतपुऱ्याच्या नोकरीवाल्या. आम्ही पहाटे मंडईतून भाजी आणायचो, धुऊन, चिरून, पुड्या बांधून नऊच्या आत द्यायचो. पंधरा वर्षे आम्ही हे केले. परागचे शिक्षण त्यातून झाले, सुगुणाच्या मुलीचे, स्वरूपाचे, लग्न त्यातून झाले.

माझी जुनी विळी हलायला लागली होती, म्हणून पहिल्याच वर्षी आम्ही बेगमबाजारात गेलो. दुकानदाराने पाच-सहा विळ्या पुढे टाकल्या. सुगुणा सरळ त्याच्या पायरीवर बसली, एकेका विळीच्या पाटावर पाय दाबून पुढेमागे झुलली, बरोबर आणलेला दोडका तिने प्रत्येकीवर चिरून पाहिला.

दुकानदार वैतागला. "अम्मा, सब एकच माल है."

"एकच है तो तुम चुनके देव," ती म्हणाली. "कल हाथ कटा तो तुम्हारे पास आती मैं."

त्याने आत जाऊन सातवी विळी आणली. पाते जाड, मागे झुकलेले, पाट आंब्याच्या लाकडाचा, रुंद. सुगुणाने दोडक्याची एक चकती पाडली, उजेडाकडे धरली आणि माझ्याकडे दिली. तिच्यातून समोरचे दुकान दिसत होते. परतताना ती विळी तिने लहान मुलासारखी मांडीवर घेतली होती. मी विळी म्हणायची, ती कत्तिपीटा म्हणायची, आणि ग्राहकांनी विचारले की दोघी एकदम आपापला शब्द सांगायचो.

वाटणी आपोआप पडली. विळीवर ती. पालेभाजी, भेंडी, सुरण, कोहळा तिचा. सुरी माझी, कांदा, बटाटा, गाजर माझे. फणस आला की ती पात्याला तेल लावायची आणि मी मुकाट्याने बाजूला सरकायची. तिचे हात चालू असताना मी कित्येकदा थांबून बघत राहायचे. ती न बघता चिरायची. बोलत असायची माझ्याशी, डोळे माझ्याकडे, आणि खाली मेथी सुतासारखी पडत असायची.

मला आजही कांदा अर्धा झाला की तो डावीकडे सरकवायची सवय आहे. डावीकडे ती बसायची.

कलम ७. हे कलम मी पराग, नेहा आणि प्रियदर्शिनी यांच्यासाठी, आणि खरे तर सगळ्यांसाठी लिहिते. यात जे आहे ते मी एकोणीस वर्षे कोणाला सांगितलेले नाही.

२००५ साली एक मेस बंद पडली आणि तिथले भाजी कापायचे विजेचे यंत्र विकायला निघाले. ते घ्यायचे मी ठरवले. सुगुणाला नको होते.

ती म्हणाली, "हाथ कू मालूम रहता किधर रुकना. मशीन कू क्या मालूम, अक्का?"

मी म्हणाले, "सगळं जग पुढे गेलं, आपण जमिनीवर बसूनच मरायचं का?"

यंत्र आले. वरून भाजी घालायची आणि लाकडी दट्ट्याने ढकलायची. काम झटपट होई, मलाही मोठी कामे घ्यायची हौस सुटली. सहा महिन्यांत दट्ट्याला चीर गेली. सुगुणाने मला तीन वेळा आठवण केली. सुताराकडे जाते, जाते, म्हणत मी राहिले.

फेब्रुवारी २००६. नारायणगुड्याला एका लग्नाचे काम होते, कोबीची पोती दारात, अकरा वाजता टेम्पो येणार होता. दहाच्या सुमारास दट्ट्या उभा फुटला. सुगुणाने यंत्र बंद केले, उठली आणि म्हणाली, "मैं कत्तिपीटा पे करती. एक घंटा जास्ती लगता, बस."

मी घड्याळाकडे पाहिले. मी म्हणाले, "हातानेच ढकल. जल्दी."

तिने माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा म्हणाले, "जल्दी गं." आणि बटण मीच दाबले.

पुढचे लिहीत नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे, अंगठ्याशेजारचे आणि मधले, अर्धी गेली.

दवाखान्यात शंकरय्या धावत आला. त्याच्या हाताला छापखान्याची शाई होती. त्याने मला विचारले, "कैसा हुआ, अक्का?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फक्त विचारत होता. मी खरे सांगितले असते तर चालले असते. पण मी घाबरले. मी म्हणाले, "मैं मना करी थी, शंकरय्या. इनेच जल्दी करी."

सुगुणा तीन पावलांवर खाटेवर होती. डोळे उघडे होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि मान भिंतीकडे वळवली. बोलली काही नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

महिनाभर ते खालीच राहिले. मी रोज डबा पाठवला, पण स्वतः फक्त दोनदा खाली उतरले, तेही इतर लोक असताना. पराग, तू मला म्हणाला होतास, "तू नको म्हणत होतीस ना? मग तुझा काय दोष?" मी मान डोलावली होती. गल्लीत सगळ्यांना हेच माहीत झाले की सुगुणाने घाई केली. ज्या बाईने पंधरा वर्षांत एक भेंडी घाईने चिरली नाही, तिच्या नावावर मी घाई लावली.

मार्चमध्ये ते हनुमकोंड्याला मुलीकडे गेले. सामान भरताना मी वरच्या खिडकीत उभी होते. तिने एकदा वर पाहिले. मी आत सरकले.

यंत्र मी भंगारात दिले, पाते आधी काढून घेतले, की ते परत कोणाच्या घरात जाऊ नये. काम बंद केले. विळी ठेवली.

हनुमकोंडा काही परदेश नाही. उप्पलहून दर अर्ध्या तासाला बस आहे. मी तीनदा निघाले. दोनदा उप्पलहून परत आले. तिसऱ्यांदा बसमध्ये बसले, तिकीट काढले, पिशवीत तिच्यासाठी साडी होती. अर्ध्या तासात घटकेसर आले आणि मला दिसायला लागले की दार स्वरूपा उघडणार, आत शंकरय्या असणार, आणि मला काहीतरी म्हणावे लागणार. मी घटकेसरला उतरले आणि उलटी बस पकडली. शंकरय्या वारल्याचे मला दोन वर्षांनी कळले, तेही भलत्याच माणसाकडून.

म्हणून मी इथे लिहून ठेवते : दट्ट्या माझ्यामुळे दुरुस्त झाला नाही, हाताने ढकल असे मी सांगितले, बटण मी दाबले, आणि दवाखान्यात मी खोटे बोलले. सुगुणाचा काहीही दोष नव्हता.

कलम ८. खोडले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. या कलमात, बँकेतली मुदत ठेव आणि विळी पोलकम सुगुणा हिला द्यावी, असे लिहिले होते. खोडावे का लागले ते पुढे लिहिते.

कलम ९. कलम आठवरची खोडाखोड सोडून वरील सगळे मी दिवाळीनंतरच्या आठवड्यात लिहून ठेवले होते. पण कलम सात माझ्यामागे वाचले जाणार, आणि तेव्हा मला कोणाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही, हे मला बरे वाटेना. घटकेसरला उतरल्यासारखेच झाले असते. मी प्रियदर्शिनीला म्हटले, स्वरूपाचा नंबर शोधून दे. तिने अर्ध्या दिवसात शोधला. फोन मी केला. स्वरूपाने फोन आईकडे दिला. मग आवाज आला, "बोलो, अक्का." आवाज तोच.

मी म्हटले, "एक कागद वाचून दाखवायचा आहे. तुझ्यासमोरच वाचायचा आहे. येशील?"

ती म्हणाली, "शुक्रवार कू आती."

आज शुक्रवार. परागने तिला उप्पलहून गाडीने आणले. अकरा वाजता ती दारात उभी होती. तिने चपला काढल्या, भिंतीला न धरता आत आली आणि खुर्चीवर बसली. उजवा हात पदरात होता. मी वकीलसाहेबांसमोर, पराग आणि नेहासमोर कलम सात वाचले, एक वाक्य मराठीत आणि तेच आमच्या दक्खनीत. बटणापाशी आल्यावर मी कागद खाली ठेवला. नेहाने पाणी दिले. मी पुन्हा तिथूनच वाचले.

पराग खिडकीकडे तोंड करून उभा होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

मी म्हणाले, "तू माझी बाजू घेतलीस. ती मला हवी होती."

सुगुणाने माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिले. मग म्हणाली, "दवाखाने में तुम बोले सो मैं सुनी. बुरा लगा. फिर घर में सोची, डर गए अक्का, बोल दिए. दो-चार दिन में नीचे आते, बोलते. नहीं आए. हनुमकोंडा में भी सोची, संक्रांत कू आते. एक साल दार की आवाज हुई की मैं देखती थी. उंगली का दुख तो छे महिने में गया, अक्का."

मी म्हणाले, "मी निघाले होते गं. घटकेसरपर्यंत आले होते."

तिने माझ्याकडे पाहिले. "घटकेसर तक?"

"हौ."

"टिकट हनुमकोंडा का लिए थे?"

"हौ."

ती हसली. एकोणीस वर्षांनी तिला हसताना पाहिले. "बाकी का पैसा वापस भी नहीं मांगे होंगे," ती म्हणाली, आणि मग दोघींच्याही डोळ्यांना पाणी आले. तिने डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला तेव्हा उजवा हात मांडीवर उघडा राहिला. मी तो पाहिला. मी तो हातात घेतला. तिने काढून घेतला नाही.

जेवण नेहाने केले होते. जेवताना सुगुणाने विचारले की भाजी कोणी चिरली. नेहा म्हणाली, मी, आईंच्या विळीवर. सुगुणा म्हणाली, "अच्छी काटी. थोडा पाय दबाके बैठना, नहीं तो पाट हलता."

मग मी कलम आठ वाचले. ठेव तुझी, विळी तुझी, असे सांगितले. ती लगेच म्हणाली, "नक्को." मी म्हटले, हा मोबदला नाही. ती म्हणाली, "मालूम है. फिर भी नक्को. स्वरूपा के घर में सब खड़े-खड़े काटते, नीचे बैठने जागा नहीं. और पैसे का मैं क्या करती?"

वकीलसाहेब म्हणाले की हे नंतर ठरवू, आधी सही होऊ द्या. दुसरे साक्षीदार, वरच्या मजल्यावरचे मिलिंदराव, एक वाजता येतो म्हणाले होते, ते अजून आले नाहीत.

सुगुणाने विचारले, "साक्षी बोले तो क्या करना पडता?"

वकीलसाहेबांनी समजावले की, ज्यांच्यासमोर सही होते ते साक्षीदार. पुढे कोणी विचारले तर हे आमच्यासमोर झाले असे त्यांनी सांगायचे असते.

"तो मैंच करती," सुगुणा म्हणाली. "मेरे सामनेच हुआ ना सब."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. ते म्हणाले, "अम्मा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्यानं साक्षीदार होऊ नये, अशी रीत आहे. उद्या कोणी वाद काढेल. तुम्ही सही केलीत तर तुमचं नाव कलम आठमधून काढावं लागेल."

"निकालो," ती म्हणाली. "वो कलम निकालो. सही मेरे कू करना है."

मी नको म्हणणार होते. पण तिने आजवर माझ्याकडे काही मागितले नव्हते, दट्ट्या सोडून. मी पेन घेतले आणि कलम आठवर रेघ मारली.

कलम १०. त्यामुळे आता : मुदत ठेव प्रियदर्शिनीला मिळावी. विळी नेहाला द्यावी. नेहाने ती एकदा दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेला टांगायला मागितली होती, तेव्हा मी फार वाईट बोलले होते, ते मागे घेते. टांगू मात्र नये. बसून वापरावी.

कलम ११. सुगुणा तीनच्या बसने जाणार आहे. मी तिला दोन दिवस राहा म्हटले. ती म्हणाली, नातवाची परीक्षा आहे. मग म्हणाली, "मैं एक बार आ गई. अब तुम आना. मैं फिर नहीं आती." पराग तिला सोडायला जाणार आहे. हे कलम मी ती गेल्यावर नाही, ती समोर असतानाच, वकीलसाहेबांसमोर लिहीत आहे. सह्या याच्यानंतर होतील.

संक्रांतीला मी हनुमकोंड्याला जाणार आहे. त्याआधी माझे काही झाले, तर माझ्या इस्टेटीवर परागचा पहिला हक्क नाही, पहिले कर्तव्य आहे : त्याने तेराव्याची वाट न पाहता हनुमकोंड्याला जावे, सुगुणाला स्वतःच्या तोंडाने सांगावे, फोनवर नाही, आणि तिच्याकडे जेवून यावे. ती वाढेल ते सगळे खावे. मग घर, दागिने, ठेव यांची वाटणी करावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी पराग लक्ष्मणराव बिलोलीकर याने करावी. मी हे वाचले आहे, समोरच्यांना वाचून दाखवले आहे, जिथे खोडले तिथे सही केली आहे, आणि यात एक शब्दही मला सोयीचा म्हणून घातलेला नाही.

ठिकाण : नल्लकुंटा, हैदराबाद
तारीख : २१ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार :
तारामती लक्ष्मणराव बिलोलीकर (सही)

आम्ही दोघांनी तारामतीबाईंना आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले, आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या :

साक्षीदार १ : ॲड. अरविंद माहूरकर, राहणार बरकतपुरा (सही)

साक्षीदार २ : पोलकम सुगुणा, पती कै. शंकरय्या, राहणार हनुमकोंडा (सही तेलुगूत, डाव्या हाताने)